भाकरी थापता थापता एशियाड कसं बघायचं

सोलापुरात आमच्या पिढीला एशियाड म्हटलं की आधी एसटी आठवते. पुण्याला साध्या लाल गाडीनं जायचं की एशियाडनं, यावर घरात रीतसर चर्चा व्हायची, कारण तिकिटात फरक पडायचा. त्या गाडीला हे नाव १९८२ च्या दिल्लीतल्या आशियाई क्रीडा स्पर्धेवरून पडलं हे मला कळलं, तोवर माझं पोरगं शाळेत जायला लागलं होतं. शाळेतला खो-खो आणि उन्हाळ्यात माहेरच्या विहिरीत मारलेल्या उड्या सोडल्या, तर माझा खेळांशी काही संबंध नव्हता.

माझं कडक भाकरीचं काम आहे. पूर्व भागात, घराच्याच पुढच्या खोलीत. आम्ही सहाजणी. दोघी घरात तेलुगू बोलणाऱ्या, एक कन्नड, बाकीच्या आम्ही मराठी. पहाटे पाचला शेगड्या पेटतात आणि बाराच्या आत भाकऱ्या वाळायला लागलेल्या असाव्या लागतात. कपाटावर टीव्ही आहे. २०२३ च्या सप्टेंबरात कॉलेजसाठी आमच्याकडे राहणाऱ्या भाचीनं मालिका बदलून त्यावर चीनच्या हांगझोऊची स्पर्धा लावली आणि म्हणाली, "आत्या, पंधरा दिवस हेच." आम्हाला काही म्हणता काही कळेना. एकदा आमच्या सहाजणींतल्या अक्कानं विचारलं, "ही बाई पाण्यात उलटी होऊन पाय का हलवूलालीय गं?" उत्तर कुणाकडेच नव्हतं.

त्या पंधरा दिवसांत चुका करत करत जे जमलं ते इथं लिहिते. ज्यांचे दोन्ही हात कामात असतात त्यांच्यासाठी हे आहे, म्हणजे बिड्या वळणाऱ्या, शिलाई करणाऱ्या, दुकानात बसणारे. सोफ्यावर बसून बघणाऱ्यांनी सगळंच बघावं, त्यांना कोण अडवतंय.

पहिली गोष्ट, सगळे खेळ शिकायच्या भानगडीत पडू नका. १९५१ साली दिल्लीला ही स्पर्धा पहिल्यांदा झाली तेव्हा अकरा देश होते आणि खेळ अवघे सहा. हांगझोऊला खेळ ४० झाले आणि सुवर्णपदकाच्या स्पर्धा ४८१. एवढ्यांचे नियम पाठ करायला बसलात तर पीठ वाळून जाईल. नवा खेळ दिसला की एकच प्रश्न विचारायचा: इथं हार-जीत ठरते कशानं? घड्याळानं, टेपनं, नेमानं, अंगाला अंग भिडवून, की समोर बसलेल्या पंचांच्या मतानं? एवढं कळलं की मान नेमकी कधी वर करायची ते कळतं. बाकीचा वेळ कान टीव्हीकडे आणि डोळे परातीत.

घड्याळाचे खेळ सगळ्यात सोपे. पळणं, पोहणं, सायकल, होड्या. लांबच्या शर्यतीत सुरुवात बघितली नाही तरी चालतं. शेवटच्या फेरीला घंटा वाजते, ती ऐकली की मान वर. याला अपवाद तीन हजार मीटर स्टीपलचेस. त्यात पळता पळता २८ अडथळे ओलांडायचे असतात आणि सात वेळा अडथळ्यापलीकडच्या पाण्यावरनं उडी टाकायची असते. ती उडी बघायचीच, कारण पाय घसरतो तो तिथंच. अविनाश साबळेनं १ ऑक्टोबरला सोनं घेतलं ते ८ मिनिटं १९.५० सेकंदांत, तोही स्पर्धेतला विक्रम. तेवढ्या वेळात माझ्या एकटीच्या बारा भाकऱ्या होतात. त्या दिवशी तीनच झाल्या. तो आष्टी तालुक्यातला म्हटल्यावर आमच्यातली एक एकदम उठून उभी राहिली, तिचं माहेर मोहोळजवळच्या आष्टीचं. मग सांगावं लागलं, ही आष्टी बीडची. "असू दे की, आष्टीच हाय न्हवं," म्हणाली आणि टाळ्या वाजवल्या, पिठाच्या हातानं. अर्धा टीव्ही पांढरा.

घड्याळाच्या खेळात एक पथ्य पाळा. शर्यत संपली म्हणजे निकाल लागला असं धरू नका. त्याच संध्याकाळी बायकांची शंभर मीटर अडथळ्यांची शर्यत होती. सकाळच्या भाकऱ्यांचं पॅकिंग चालू होतं. बंदूक वाजायच्या आधीच चीनची एकजण सुटली, तिच्यामागं आपली ज्योती याराजीही हलली. दोघींना बाहेर काढलं, मग दोघींना परत पळू दिलं. ज्योती तिसरी आली. मी म्हटलं झालं, कांस्य, आणि टीव्ही बंद केला. भाचीनं मोबाईलवर बघून मला झापलं: चीनची बाद झाली होती आणि ज्योतीच्या गळ्यात रौप्य पडलं होतं. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे. शर्यत संपल्यावर अजून एक भाकरी थापायची, मगच चॅनेल बदलायचं.

टेपचे खेळ, म्हणजे भाला, गोळा, लांब उडी. यांत मैदानावरच्या पंचाच्या हातातलं निशाण बघा. पांढरं वर गेलं तर फेक धरली, लाल गेलं तर फुकट. भाला आकाशात असताना बघून काही उपयोग नसतो, तो बारीक दिसतो आणि कॅमेरा हलतो. नीरज चोप्रा पळायला लागला की लोक ओरडतात. तुम्ही आकडा येईपर्यंत थांबा. हांगझोऊत त्याची पहिली फेक मोजण्यातच घोळ झाला आणि ती परत फेकावी लागली. शेवटी ८८.८८ मीटर. आकडा ऐकून अक्का म्हणाली, लॉटरीचा नंबर आहे. दुसराही आपलाच होता, ओडिशाचा किशोर जेना.

वजन उचलणं मला आधी कंटाळवाणं वाटायचं. मग सिद्धेश्वराच्या यात्रेतले नंदीध्वज, त्या उंच काठ्या, आठवल्या. आपल्याकडे संक्रांतीच्या आधी काही दिवस सराव सुरू होतो, तो काय काठी उचलायचा असतो होय? उचलतात सगळेच. ती डोलू न देता तोलून धरायची, तिथं खरी गंमत आहे. वेटलिफ्टिंगचंही तेच. वजन डोक्यावर गेलं की आपण टाळ्या वाजवून मोकळे होतो, पण खाली ठेवायची खूण होईस्तोवर ते स्थिर राहायला हवं. तीन पंच, तीन दिवे. त्यातले दोन पांढरे लागले तर धरलं. प्रत्येकाला दोन्ही प्रकारांत तीन-तीन संधी. म्हणून मान वर करायची ती वजन वर गेल्यानंतर, आधी नाही. मीराबाई चानू हांगझोऊत शेवटच्या प्रयत्नात पाठीवर पडली आणि चौथी आली. त्या दिवशी खोलीत कुणी बोललं नाही.

आता नेमबाजी आणि तिरंदाजी. हात कामात असणाऱ्यांना यांच्याइतके सोयीचे खेळ नाहीत, कारण बघण्यासारखं त्यांत जवळजवळ काही नसतं. ऐकायचं असतं. दहा मीटर रायफलमध्ये एका गोळीला जास्तीत जास्त १०.९ गुण. दहाच्या पुढचा आकडा ऐकत राहायचं: दहा पूर्णांक सात म्हणजे झकास, नऊ पूर्णांक काहीतरी म्हणजे गडबड. हांगझोऊतलं आपलं पहिलं सोनं ह्यातच आलं. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील आणि दोन साथीदार, तिघांचे मिळून १८९३.७, जागतिक विक्रम. सकाळची वेळ होती, पहिला घाणा तव्यावर होता.

तिरंदाजीत दोन जातींची धनुष्यं असतात हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर चार दिवस वाचले असते. एक साधं, टोकं पुढं वळलेलं, त्याला रिकर्व्ह म्हणतात. दुसऱ्याच्या दोन्ही टोकांना चाकं असतात, ते कंपाउंड. अक्का त्याला शिलाई मशीन म्हणते. रिकर्व्ह सत्तर मीटरवरून मारतात, कंपाउंड पन्नासवरून. हिशेबही वेगळा. रिकर्व्हमध्ये एकेकट्याच्या लढतीत तीन-तीन बाणांचा डाव. डाव जिंकला तर दोन गुण, बरोबरीत एक, आणि ज्याचे आधी सहा होतील तो जिंकला. म्हणजे एखादा डाव वाईट गेला तरी पुढच्या डावात पाटी कोरी. कंपाउंडमध्ये एकट्या-एकट्याच्या लढतीत पंधरा बाण, सगळ्यांची बेरीज, दीडशेपैकी. तिथं एक नऊ आला तरी तो शेवटपर्यंत मानेवर बसतो. नागपूरच्या ओजस देवतळेनं अंतिम फेरीत १४९ मारले, समोरच्या अभिषेक वर्मानं १४७. दीडशेतला एकच गुण गेला त्याचा! कंपाउंडची पाचही सोनी आपण आणली, त्यातली तीन ओजसच्या गळ्यात. साताऱ्याची अदिती स्वामी होती बायकांच्या संघात. ते सोनं २३० विरुद्ध २२९ असं आलं. एका गुणानं. ती तेव्हा सतरा वर्षांची. माझी भाची अठराची आहे आणि तिला भाकरी उलटता येत नाही, हे मी तिला त्याच वेळी बोलून दाखवलं.

अंगाला अंग भिडवायचे खेळ बघताना आपल्या डोक्यातली माती आधी बाजूला करावी लागते. आमचे हे तालमीत वाढलेले. कुस्ती म्हणजे चीतपट, पाठ लागली की संपलं, एवढं त्यांना ठाऊक. मॅटवरची कुस्ती बघताना ते सारखे म्हणायचे, "अरे धर की त्याला, गुण कसले मोजताय?" मॅटवर पाठ टेकवली तर जिंकतोच, पण बहुतेक कुस्त्या गुणांवर सुटतात. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या. फ्रीस्टाइलमध्ये दहा गुणांची आघाडी झाली की पंच कुस्ती थांबवतो. रिंगणाबाहेर ढकललं तरी गुण जातो, त्यामुळे कडेला गेले की बघा. आणि हरलेला मल्ल नंतर परत दिसला तर चक्रावून जाऊ नका. ज्यानं तुम्हाला हरवलं तो अंतिम फेरीत गेला, तर तुम्हाला कांस्यपदकासाठी आणखी एक दार उघडतं. म्हणून कुस्तीत कांस्यं दोन. बॉक्सिंगमध्येही दोन, तिथं तर उपांत्य फेरीत हरलेल्या दोघांनाही सरळ देऊन टाकतात. आपली पदकं मोजताना कांस्याचा आकडा का फुगतो, त्याचं एक कारण हे. हांगझोऊची स्पर्धा संपली तेव्हा २८ सोन्याची, ३८ चांदीची आणि ४१ कांस्याची, मिळून १०७.

कुस्तीसारखंच दिसणारं पण पायाला हात न लावता जॅकेट-पट्टा धरून फेकाफेकी दिसली तर ते ज्युडो तरी असेल नाहीतर कुराश. ओळखायची खूण सांगते. ज्युडोत पडल्यावर जमिनीवरही झटापट चालू राहते, कुराशमध्ये माणूस पडला की पंच उभं करतो. कुराश उझबेकिस्तानचा. पंच 'हलाल' म्हणून ओरडला की समजायचं पूर्ण गुण मिळाला, लढत संपली. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आमच्या खोलीत हसून हसून पीठ सांडलं. पण २०१८ ला जकार्ताला बेळगावकडच्या मलप्रभा जाधवनं ह्याच खेळात कांस्य आणलंय, तेव्हा हसून झाल्यावर नीट बघा.

कबड्डीचं मी काय सांगणार, असं वाटलं होतं. तरी एक सांगते, कारण ज्यांना कबड्डी 'येते' तेच २०२३ च्या अंतिम सामन्यात सगळ्यात जास्त गोंधळले. एक चढाई तीस सेकंदांची. हात चालता असला तर एक भाकरी थापायलाही तेवढाच वेळ लागतो; म्हणून कबड्डी आणि आमचा धंदा जुळतो, चढाई सुरू झाली की उंडा घ्यायचा, शिट्टी वाजली की भाकरी तव्यावर. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीला हातातला उंडा ठेवून द्या, कारण त्या तिसरीत गुण आणला नाही तर चढाईपटू बाद. आणि दोन्ही बाजूंच्या पट्ट्या, म्हणजे राखीव क्षेत्र, यावर लक्ष ठेवा. स्पर्श होईपर्यंत ती पट्टी मैदानाबाहेर धरतात, झटापट सुरू झाली की आत. इराणविरुद्ध २८-२८ असताना पवन सेहरावत स्पर्श न करताच त्या पट्टीत गेला, त्याला धरायला इराणचे गडीही मागोमाग आत आले. आता बाद कोण कोण? जुना नियम एक सांगतो, नवा दुसरं. निर्णय इकडून तिकडे फिरला, खेळाडू मैदानात बसून राहिले, खेळ बराच वेळ बंद. शेवटी आपण ३३-२९ जिंकलो. गल्लीतली पोरं मात्र दिवाळीपर्यंत "बाद हुता बे" आणि "न्हवता बे" करत होती. त्याच दिवशी बायकांचा सामना चिनी तैपेईशी, म्हणजे तैवानशी, २६-२५ असा सुटला आणि ते आपलं शंभरावं पदक होतं. ह्याची चर्चा गल्लीत झाली नाही, खोलीत झाली.

खो-खो ह्या स्पर्धेत नाही. जानेवारी २०२५ ला दिल्लीत त्याचा पहिला विश्वचषक झाला आणि पुरुष-महिला दोन्ही आपण जिंकलो, तरी एशियाडच्या यादीत नाही. आमच्या शाळेतली प्रत्येक मुलगी खांब मारायला शिकलेली असायची. असो.

पंचांच्या मतावरचे खेळ म्हणजे जिम्नॅस्टिक्स, डायव्हिंग, वुशूतली तलवार-काठीची प्रात्यक्षिकं, आणि ती पाण्यात उलटी होणारी बाई, त्याला आर्टिस्टिक स्विमिंग म्हणतात. इथं आपल्याला सगळेच छान वाटतात आणि मग गुण कमी दिले म्हणून राग येतो. डायव्हिंगपासून सुरुवात करा, विहिरीत पोहलेल्या माणसाला ते लगेच कळतं. आमच्या विहिरीत जो मुटका मारून जास्त पाणी उडवायचा तो हिरो. इथं बरोबर उलटं. जितकं पाणी कमी उडेल तितकं चांगलं. एकेकट्याच्या उडीला सात पंच असतात. वरचे दोन आणि खालचे दोन गुण काढून टाकतात, उरलेल्या तिघांची बेरीज करून उडी किती अवघड त्या आकड्यानं गुणतात. म्हणजे सोपी उडी सुरेख मारून भागत नाही आणि अवघड उडी मारून धपकन पडलात तरी भागत नाही. हवेतल्या कोलांट्या मोजू नका, त्या मोजता येतच नाहीत. पाण्याला अंग लागतं तो क्षण बघा. जिम्नॅस्टिक्समध्येही तसंच, जमिनीवर पाय टेकतात तेव्हा एक पाऊल सरकलं का एवढंच.

ह्याच जातीतला एक खेळ म्हणजे घोड्याचं ड्रेसाज. आपल्याकडे वरातीत घोडा नाचवतात, अकलूजच्या घोडेबाजारात तर दोन पायांवर उभा करून दाखवतात. ते डोक्यात ठेवून ड्रेसाज बघितलं तर निराशा होईल. घोडा नुसता चालतो, तिरका चालतो, जागच्या जागी पावलं टाकतो. पण वरचा माणूस त्याला सांगताना दिसता कामा नये, मेख तिथं आहे. घोड्याकडे न बघता माणसाच्या हाता-पायांकडे बघा. काहीच हलत नसेल तर तो चांगला. आपल्या चौघांच्या संघानं हांगझोऊत ह्यात सोनं आणलं. घोडेस्वारीतलं त्याआधीचं सोनं १९८२ चं, म्हणजे आमच्या एसटीच्या वेळचं.

हॉकी, फुटबॉल, क्रिकेट ह्यांचं शिकवायला नको. क्रिकेटमध्ये एवढंच लक्षात ठेवा की पावसाचा निकाल मानांकनावर लागू शकतो. ऋतुराज गायकवाडच्या संघाला अफगाणिस्तानशी अर्धवट सामन्यानंतर तसंच सोनं मिळालं आणि कुणाला धड नाचता आलं नाही.

मात्र सेपाकटकरॉ चुकवू नका. बॅडमिंटनएवढं मैदान, मध्ये जाळी, इकडे तिघे तिकडे तिघे, आणि चेंडू व्हॉलीबॉलसारखा पलीकडे मारायचा, पण हात लावायचा नाही. पाय, गुडघा, छाती, डोकं. जाळीपाशी माणूस हवेत पालथा होऊन पायानं चेंडू हाणतो आणि परत पायावर उभा राहतो. चेंडू पूर्वी वेताचा विणलेला असायचा. आपल्या मुलींनी, बहुतेक मणिपूरच्या, हांगझोऊत कांस्य घेतलं. ह्याला मान कधी वर करायची वगैरे नियम नाही. भाकऱ्या बंद ठेवा.

पत्त्यांचाही खेळ होता, ब्रिज. २०१८ ला साठ आणि छप्पन्न वर्षांच्या दोन बंगाली गृहस्थांनी त्यात सोनं जिंकलं होतं. ही बातमी आमच्या ह्यांच्यापासून लपवून ठेवली होती, पण कट्ट्यावर कळलीच.

आता तयारी. पुढची स्पर्धा जपानच्या आयची-नागोयाला, १९ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर २०२६. तिथलं घड्याळ आपल्यापुढं साडेतीन तास. म्हणजे तिथले सकाळचे नऊ ते आपले साडेपाच, पहिला उंडा. तिथली संध्याकाळची सातची लढत आपल्या दुपारी साडेतीनला, पॅकिंगच्या वेळी. वेळापत्रक मिळालं की सगळं उतरवू नका. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला फक्त अंतिम लढती लिहा, आपली वेळ लिहा, आणि शेजारी एक अक्षर: घड्याळाचा 'घ', टेपचा 'ट', नेमाचा 'न', भिडण्याचा 'भ', पंचांचा 'प'. गणपती त्याच दिवसांत आहेत. २५ तारखेला अनंत चतुर्दशी, त्या दिवशीचं काही लिहूच नका, ढोल-लेझीमपुढं कान चालत नाहीत. मोबाईलला चार्जर लावून ठेवा. २०२३ ला ऐन हॉकीत केबल गेली होती.

राहता राहिली बसायची जागा. आमच्या खोलीत सहापैकी दोन परातींची पाठ टीव्हीकडे येते. मागच्या वेळी त्यावरून रोज कुरबूर व्हायची, म्हणून आता खेळाप्रमाणे जागा वाटल्यात. ज्यांची पाठ टीव्हीकडे त्यांना नेमबाजी आणि तिरंदाजीचे दिवस, कारण ते ऐकूनही भागतं. डायव्हिंगला मी समोर. सेपाकटकरॉची जागा अक्कानं आत्ताच सांगून ठेवली आहे आणि त्याच्या बदल्यात दोन दिवस सगळ्यांचं पीठ मळायला ती तयार आहे.